कासरा धरून मिळून आला

१८ जानेवारी, शनिवार. हाताशी दोन कामं होती. मेथीच्या दोन जुड्या निवडायच्या, आणि जेवायला येणाऱ्या पाहुण्याला कधी अटक झाली होती का, ते शोधायचं. पाहुणा दुपारी येणार होता. मेथी थोडी थांबू शकते, म्हणून लॅपटॉप आधी उघडला.

पाहुणा म्हणजे माझ्या नणंदेशी लग्न करायची इच्छा असलेला माणूस. नणंद चाळिशी ओलांडलेली. तिचं पहिलं लग्न मोडून बरीच वर्षं झाली. मोडलं म्हणजे नवरा एके दिवशी निघून गेला, नंतर वकिलामार्फत बोलायला लागला. त्यानंतर ती दुबईला आमच्याकडे आली, एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि अल बर्शाच्या आमच्या घरात माझ्या मुलीच्या खोलीत राहू लागली. हा माणूस रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर सुपरवायझर. दोघांची ओळख गणपतीतल्या ढोलपथकाच्या सरावात झाली. ती टिपरू चुकवायची आणि तो मागे वळून बघायचा, असं ती सांगते. वर्षभर फोन चालले आणि मग तिनं मला सांगितलं. मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं पुण्याला आईंना सांगितलं, आणि आईंनी शेजारणीला. ती शेजारीण नेमकी त्याच्याच तालुक्यातली निघाली.

गुरुवारी आईंचा फोन आला.

"तो आत जाऊन आलाय म्हणे."

"कुठे आत?"

"आत म्हणजे आत. आणखी कुठे असतं आत?"

"कशासाठी?"

"ते हिला माहीत नाही. तिच्या भावजयीनं ऐकलंय. तू शोध. तुझं कामच आहे कागदं तपासायचं. आणि काही निघालं तर हे स्थळ इथेच बंद. माझ्या पोरीचं दुसऱ्यांदा हसं होऊ देणार नाही मी."

कागदं तपासायचं काम माझं आहे हे खरं. एका कंत्राटदार कंपनीत माणसांचे पासपोर्ट, व्हिसा, करार जुळवायची माझी नोकरी आहे. पासपोर्टवर एक नाव, करारावर दुसरं, बँकेत तिसरं, असं रोज चालतं. बापाचं नाव आडनावाच्या जागी जातं, आडनाव गावाच्या जागी. त्यामुळे मी आईंना म्हटलं, बघते.

नणंदेला सांगितलं तेव्हा ती कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली.

"त्यालाच विचारू या का, वहिनी?"

"विचार की."

"मला नाही विचारता येणार. तुम्ही आत होतात का, हे कसं विचारायचं एखाद्याला?" थोड्या वेळानं म्हणाली, "तू शोध. पण सापडलं तर आधी मला सांग. आईला नंतर."

तेवढं कबूल करून मी शनिवारी सकाळी बसले.

आपल्याकडच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर अटक झालेल्यांची यादी असते, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. मलाही ऑफिसच्या कामातूनच कळली. तिथे जिल्हा निवडायचा, मग ठाणं, मग कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते भरायचं. वेडीवाकडी अक्षरं ओळखून दाखवायची, की यादी येते. दुबईतून काही सरकारी संकेतस्थळं उघडतच नाहीत. हे उघडलं, पण दमादमानं. मधल्या वेळात चहा झाला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे जिल्ह्याच्या नावापुढे 'शहर' आणि 'ग्रामीण' असे दोन विभाग असू शकतात. खेड्यातला माणूस 'ग्रामीण'मध्ये शोधायचा. दुसरी म्हणजे नाव हवालदार लिहील तसं असतं. ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, 'ण'चा 'न' होतो. म्हणून आख्खं नाव टाकायचं नाही. आडनावाचा अर्धा भाग टाकायचा आणि बाकी डोळ्यांनी शोधायचं.

नवीन यंत्र आणलं की आधी त्यात एखादा जुना कपडा धुऊन बघतात. तसं मी आधी एक माहीत असलेली अटक शोधून पाहिली. आईंचा एक भाचा आहे. काही वर्षांपूर्वी त्याला एका फार्महाऊसवर पत्ते खेळताना पकडलं होतं. घरात त्या आठवड्याला 'तो विपश्यनेला गेलाय' असं सांगितलं गेलं. पण त्याच्या बायकोनं मला खरं सांगितलं होतं. ठाणं माहीत होतं, दिवाळीचे दिवस माहीत होते. टाकलं, आणि भाचा आला. वय, पत्ता, जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम, सगळं व्यवस्थित. यंत्र चालतंय याची खात्री झाली.

मुलगी खोलीतून बाहेर आली, मागे उभी राहून वाचलं.

"मॉम, धिस इज सो इनव्हेसिव्ह."

"मराठीत सांग."

"यू आर स्टॉकिंग हिम." असं म्हणून ती दूध घेऊन गेली.

तिचं अगदीच चूक नव्हतं. पण यादी सरकारनं लावलेली, सगळ्यांना बघता येणारी. आणि लग्न ठरवताना आपण पत्रिका, पगार, घर, बापाचं दुखणं इतकं सगळं उघड विचारतो. त्यात हे एक.

मग त्याचं गाव. त्यानं नणंदेला गावाचं नाव सांगितलं होतं तेवढंच माझ्याकडे होतं. नकाशावर टाकलं. नदीकाठी गाव सापडलं. बँक, शाळा, ठाणं, सगळं असलेलं बरंच मोठं. तेच ठाणं निवडलं आणि तो दर वर्षी सुट्टीवर जातो ते महिने एकेक करून बघत गेले.

त्या यादीत तालुका जिवंत होता. कोणी हातभट्टीसाठी, कोणी बांधावरच्या भांडणासाठी, कोणी रस्ता अडवला म्हणून. पुष्कळ जणांना 'उर्फ' होतं. एक 'उर्फ डॉक्टर', एक 'उर्फ मेंबर', आणि एक नुसताच 'उर्फ', पुढे काही लिहायचं राहून गेलेला. वाचता वाचता मजा वाटायला लागली, हे कबूल करते. इतक्या वर्षांनी एखाद्या तालुक्याची खबर इतकी सविस्तर कोण देतं?

पाहुण्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. आडनाव होतं, बरेचदा होतं, त्या भागात ते दर दुसऱ्या घराचं असावं. पण मधलं नाव जुळेना, वय जुळेना. मी जाऊन नणंदेला सांगितलं, "काही नाही. साफ आहे."

तिनं नंतर स्वयंपाकघरात येऊन दाण्याचं कूट करायला घेतलं आणि मिक्सर जरा जास्तच वेळ फिरवला.

नवरा म्हणाला, "खलास. आईला सांगून टाक."

"जेवण होऊ दे. मग सांगते."

पाहुणा सांगितलेल्या वेळेच्या आधीच आला. हातात पिशवीभर वांगी, रास अल खैमाच्या एका शेतावरून आणलेली. "फुलं नकोत आणि मिठाई नको, असं ह्या म्हणाल्या," नणंदेकडे बघून म्हणाला. "मग म्हटलं वांगी." उंच, करड्या मिशांचा, आवाज भट्टीशेजारी बोलायची सवय असलेला, मोठा. खुर्चीवर बसवलं तर उठून टेबलापाशी आला. मेथीची जुडी तशीच पडलेली दिसली, ती सोडवून निवडायला लागला.

"अहो, राहू द्या."

"बसून काय करू, वहिनी? हात चालू असला की तोंडाला धीर येतो."

एक जुडी त्यानं निवडली आणि तिचीच भाजी झाली. दुसरी फ्रीजमध्ये गेली.

जेवताना मी विचार केला, की या माणसाला पाठीमागे तपासलं आणि आता समोर भाकरी वाढतेय, हे काही बरोबर नाही. मला पोटात ठेवता येत नाही. म्हणून सरळ सांगितलं.

"हे बघा, तुम्हाला कळलेलं बरं. पुण्याला कुणीतरी आमच्या आईंच्या कानावर घातलं, की तुम्हाला अटक झाली होती. म्हणून मी आज सकाळी पोलिसांच्या यादीत तुमचं नाव शोधलं. काही सापडलं नाही. आता मी त्यांना तसं कळवणार."

नणंदेचा घास हातातच राहिला. नवरा माझ्याकडे 'आत्ताच बोलायला हवं होतं का' अशा नजरेनं बघत होता.

पाहुण्यानं घास गिळला, पाणी प्यायलं.

"कुठल्या ठाण्याला शोधलंत?"

मी ठाण्याचं नाव सांगितलं.

"ते बुद्रुक," तो म्हणाला. "आम्ही खुर्दाचे."

तो पुढे म्हणाला, "नदीच्या अलीकडं बुद्रुक, पलीकडं खुर्द. नाव एकच. पण नदी ओलांडली की तालुका बदलतो, ठाणं बदलतं. आमचं ठाणं दुसरं. तिथं बघा, सापडेल."

मराठी माणसानं गावाचं नाव घेतलं की पहिला प्रश्न 'बुद्रुक की खुर्द' हा असतो. जुन्या कागदांवर बु॥ आणि खु॥ असं लिहिलेलं मी लहानपणापासून बघितलंय. पण इथल्या अर्जांवर गावासाठी एवढासा चौकोन असतो, त्यात शेपूट मावत नाही. रोज हे अर्ज भरून भरून तो प्रश्न विचारायची माझी सवयच गेली होती. कामगारांच्या नावातला एक काना चुकला तर मी व्हिसाची कामं करणाऱ्या पीआरओला परत पाठवते, आणि इथे आख्खं गाव चुकले.

पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तो विचार नव्हता. त्यानं आत्ता नुसतं 'बरं' म्हटलं असतं, तर तो सुटला होता. आईंना फोन गेला असता, प्रकरण मिटलं असतं. हे त्याला कळत होतं, कारण मी तसं तोंडानं सांगितलं होतं.

नणंदेनं घास ताटात ठेवला. "म्हणजे झाली होती?"

"झाली होती. मी सांगणारच होतो, पण विषय कसा काढायचा ते सुचत नव्हतं. वहिनींनी काढला ते बरं झालं."

"कशासाठी?"

"बैलगाडा."

नवऱ्याला हसू आलं. "शर्यत?"

"बंदीची वर्षं होती ती. पण यात्रा म्हटली की गाव ऐकतंय होय? मी सुट्टीवर होतो. भावाची बैलं होती. शर्यतीच्या घाटात गाडा सुटायच्या आधीच पोलीस आले. सगळं गाव पळालं."

"आणि तुम्ही?"

"बैलं जुंपलेली होती, दादा. सोडून पळायचं कसं? ती बिथरली असती तर बायापोरांत घुसली असती. मी कासरा धरून उभा राहिलो. मग पोलिसांना मीच दिसलो."

"आणि भाऊ?"

"भाऊ सगळ्यांत आधी पळाला. शर्यतीचा माणूस, पळायची सवय."

मुलगी इतका वेळ फोनमध्ये होती, ती फोन ठेवून म्हणाली, "वेट, यू गॉट अरेस्टेड फॉर होल्डिंग अ बुल?"

"दोन," तो म्हणाला. "टू बुल्स."

संध्याकाळपर्यंत जामीन झाला होता. ठाण्यातला हवालदार शेतकऱ्याच्याच घरचा, त्यानं बैलांना कडबा आणून टाकला. पुढे बंदी उठली आणि असले खटले मागे घेतले गेले, त्यात त्याचाही गेला. पासपोर्ट नवा करताना त्यानं हे सगळं लिहून दिलं होतं. गावात मात्र 'आत जाऊन आला' एवढंच राहिलं. पोलीस ठाण्याच्या अंगणात बैलांना पाणी पाजत काढलेल्या दुपारीलाही 'आत' हाच शब्द.

मी म्हटलं, "माझा विश्वास आहे. पण मी बघणार."

"बघाच. माझ्या तोंडचं आई कशाला धरतील? सरकारी अक्षर असलं तर धरतील."

ताटं उचलल्यावर आम्ही सगळे लॅपटॉपभोवती बसलो. ठाणं निवडलं. आता तारीख.

"कुठल्या तारखेला झालं?"

"यात्रेला."

"यात्रा कधी असते?"

"चैत्र वद्य अष्टमी."

"अहो, तारीख."

"तारीख कुणाला ठाऊक? यात्रा तिथीवर असते. साल सांगतो." साल त्यानं सांगितलं. त्या वर्षी चैत्रात सुट्टी मिळावी म्हणून त्यानं कारखान्यात भांडण केलं होतं, त्यामुळे पक्कं लक्षात होतं.

पूर्ण महिना टाकून बघितला, तर पान गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी बंद पडलं. थोडेच दिवस मागितले तर देत होतं. नवऱ्यानं फोनवर जुनी तिथी शोधली. एका ठिकाणी अष्टमी एका दिवशी, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी.

"आईकडे असेल," नणंद म्हणाली.

आईंकडे असणारच होतं. आई जुनी दिनदर्शिका टाकत नाहीत. त्यातली पानं फडताळाच्या फळ्यांवर अंथरतात, एका फळीला एक वर्ष. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पाहुण्याला हातानं गप्प राहायला सांगितलं.

"आई, चैत्राचं पान हवंय." मी साल सांगितलं.

"कशाला?"

"तुम्ही सांगितलेल्या कामालाच."

"थांब." डबे हलवल्याचा आवाज. "ते वर्ष मसाल्यांखाली असेल. नाही, इथे नाही. हां, पापडांच्या डब्याखाली. कुठली तिथी?"

"वद्य अष्टमी."

"शुक्रवार. तारखेवर तेल सांडलंय, दिसत नाही. गुरुवारची दिसते, तिच्या पुढची धर. सापडलं का काही?"

"सांगते थोड्या वेळानं."

"म्हणजे सापडलंय."

मी फोन ठेवला. पाहुणा हळूच म्हणाला, "आई हुशार आहेत."

तारीख टाकली, आणि नाव लगेच आलं. यात्रेच्या दिवशी त्या ठाण्याला एकच अटक होती. नाव, मधलं नाव, आडनाव, वय, राहणार अमुक खु॥. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्याचं कलम, आणि मनाई हुकूम मोडल्याचं एक. गुन्ह्याचा नंबर होता. त्यावरून शेजारच्या पानावर मूळ फिर्याद उघडली, टाइप केलेली, दीड पानाची. मी मोठ्यानं वाचत गेले. बातमी मिळाली, पंचांसह छापा टाकला, पोलीस आल्याची चाहूल लागताच जमलेले इसम गाडे सोडून मिळेल त्या दिशेनं पळून गेले. मग हे वाक्य आलं:

"सदर इसम हा दोन बैलांचा कासरा धरून जागीच उभा असलेला मिळून आला. पळून का गेला नाही असे विचारले असता, बैल बुजतील असे त्याने सांगितले."

नणंद हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. डोळे पुसून ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. पाहुणा खाली मान घालून बसला होता. कान लाल झाले होते, पण मिशीत हसू होतं.

"फौजदारानं हे लिहून घेतलं होतं, ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी तेवढं बोललो होतो खरा."

मी कोर्टाच्या संकेतस्थळावर खटल्याची अवस्थाही बघितली. निकाली, मागे घेण्यात आला. ते बघितलं नसतं तर काम अर्धवट राहिलं असतं. अटक म्हणजे शिक्षा नाही, पुढे काय झालं तेही बघायचं असतं.

चहा पिऊन तो निघाला, रविवारी त्याची पाळी होती. नणंद त्याला खाली गाडीपर्यंत सोडायला गेली आणि बऱ्याच वेळानं वर आली.

"आईला सांग आता," ती म्हणाली. "सगळं सांग. कलमांसकट. मी इथेच बसते."

मी फोन लावला. आईंनी पहिल्या घंटेला उचलला.

"बोल."

"अटक झाली होती."

पलीकडून एक मोठा श्वास. "वाटलंच मला. बंद कर ते स्थळ."

"आधी ऐका." मी कलमं वाचली. मग फिर्याद वाचली, पळून गेलेल्या इसमांसकट. कासऱ्याच्या वाक्याशी आले आणि सावकाश वाचलं.

"काय मिळून आला?"

"दोन बैलांचा कासरा धरून उभा असलेला मिळून आला."

"आणि बाकीचे?"

"पळाले."

"हा नाही पळाला."

"नाही."

माझ्या शेजारी नणंद ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, आणि तेव्हाही घेतलं नाही.

मग आई म्हणाल्या, "पण आपल्या घरात आजवर कुणाला असं..."

हे मी जपून ठेवलं होतं. "आई, तुमचा भाचाही आहे त्या यादीत. जुगाराचं कलम. दिवाळीतला."

"तो विपश्यनेला गेला होता."

"त्याचीही फिर्याद वाचू का? भिंतीवरून उडी मारून पळून जात असताना पकडला, असं लिहिलंय." ती मी सकाळीच वाचून ठेवली होती.

स्वयंपाकघरात त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.

"पहिल्यापासून पळपुटा," आई म्हणाल्या. ते कुणाविषयी, ते मी विचारलं नाही. "बरं, बघू. आणि त्या शेजारणीला मी सांगते, अर्धवट ऐकून यायचं नाही म्हणावं. बैल धरायला गेला होता, तर म्हणे आत गेला होता."

आईंचं 'बघू' दोन प्रकारचं असतं. एकात त्या फोन ठेवतात. दुसऱ्यात ठेवत नाहीत. त्यांनी फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं विचारलं, "जेवला का नीट? काय केलं होतंस?"

"मेथी. त्यानंच निवडली."

"देठांसकट घेतली असेल. पुरुष देठं टाकत नाहीत."

"कोवळी घेतली, जाड टाकली."

"हं," आई म्हणाल्या, आणि नणंदेनं फोन माझ्या हातातून घेऊन बाल्कनीत नेला.

रविवारी सकाळी मी मेथीची दुसरी जुडी निवडायला घेतली. फोन समोर डब्याला टेकवून ठेवला होता. पलीकडे आई या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवरून काढून मुहूर्त वाचत होत्या. त्यांनी रात्रीच पेन्सिलीनं खुणा करून ठेवलेल्या. पाहुण्याची एकच अट नणंदेनं कळवली होती. चैत्र वद्य अष्टमी सोडून कधीही, त्या दिवशी यात्रा असते.

"आता बंदी नाही ना गं बाई त्या शर्यतीवर?" आईंनी विचारलं.

"नाही. परवानगी काढून करतात."

"मग वैशाखात बघ," आई म्हणाल्या आणि तीन दिवस सांगितले.

"आणि तो पापडाच्या डब्याखालचा कागद?"

"परत अंथरला. त्याचं आणखी काय करायचंय?"

शाळेतून रजा कधी मिळेल ते मी नणंदेला विचारलं. मधला दिवस तिला जमत होता. मग मेथी धुवायला टाकली, हात पुसले, आणि पुण्याच्या विमानाची तिकिटं बघायला बसले. या वेळी तारीख आईंकडून दोनदा वदवून घेतली.